घोडीखालचा वायरमन

मित्रांनो, घोडी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे खोगीर, लगाम आणि वरातीतला नवरदेव येईल. मी त्यातली नाही. मी वायरमन लोकांची घोडी. दोन शिड्या माथ्याशी बोल्टाने जोडायच्या, पाय फाकवून उभ्या करायच्या, मधे दोर बांधायचा, की झाली घोडी तयार. मला भिंतीचा आधार लागत नाही. खोलीच्या मधोमध मी आपल्या पायांवर उभी राहते आणि माणसाला छतापर्यंत नेते. माझे वय झाले आहे हे खरे, पण कोणी मला म्हातारी म्हटले तर मला राग येतो. भंडारा जिल्ह्यातली छते मी जितकी जवळून पाहिली आहेत, तितकी एखाद्या पालीनेही पाहिली नसतील.

माझा जन्म साकोलीचा. तिथे हायवेच्या कडेला नत्थू नावाच्या सुताराचे टपरीवजा दुकान होते. समोरून ट्रक आणि एसट्या धडधडत जायच्या आणि त्यांच्या धुळीत नत्थू रंधा मारत बसायचा. एके दिवशी त्याच्याकडे अड्याळचे पुंडलिकराव आले. ते जुने वायरमन, आसपासच्या सगळ्या गावांचे उस्ताद. उभे दांडे सागाचे हवेत, पायऱ्या बिजाच्या लाकडाच्या हव्यात आणि माथ्यावरचा बोल्ट सोडला तर अंगावर कुठे लोखंड नको, असे त्यांनी नत्थूला बजावले.

"खिळे मारून देतो ना दोन-दोन. लवकर होईन," नत्थू म्हणाला.

"लवकर पडन बी," पुंडलिकराव म्हणाले. "याच्यावर माह्या हाताखालचा मानूस चढनार आहे. खाचा पाड अन लाकडाच्या खुंट्या ठोक."

नत्थू थोडा कुरकुरला, पण त्याने काम चोख केले. खाचा पाडल्या, खुंट्या ठोकल्या, जवसाचे तेल चोळले. शेवटी तो स्वतः माझ्या माथ्यावर चढून बसला आणि तिथूनच त्याने पुंडलिकरावांना पैसे मागितले. असा सुतार असला की घोडीला आयुष्यात लाजावे लागत नाही.

पुंडलिकरावांच्या हाताखालचा तो माणूस म्हणजे मारोतराव. तेव्हा नुकतीच मिशी फुटलेली, अंगाने काटक. आम्ही तिघांनी किती कामे केली म्हणून सांगू. राइस मिलमध्ये दिवे बसवले. विहारात पंखे लावले, मंदिरात रोषणाई केली. दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते आणि मंडईत नाटक असते, हे तुम्हा मुलांना ठाऊकच आहे. त्या रंगमंचावरचे लाल-निळे दिवे माझ्याच खांद्यावरून वर गेले आहेत. नाटकातल्या राजाला टाळ्या मिळायच्या. त्याच्या डोक्यावर उजेड कोणी पाडला हे कोणी विचारायचे नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही. राजाला मी अंधारात पाहिले होते, तो तेव्हा फार काही दिसत नव्हता.

आता मी तुम्हाला मोहाडीकडच्या एका राइस मिलमधली गोष्ट सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. मारोतराव माझ्या माथ्यावर उभा राहून तारा जोडत होता. पुंडलिकराव खाली मला धरून होते. मेन स्विच बंद केला होता. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतल्या कोणाला तरी वाटले की आपला पंखा का थांबला, आणि त्याने जाऊन स्विच चालू केला. मारोतराव ओरडला नाही. करंट लागलेल्या माणसाला ओरडता येत नाही. पण त्याच्या पायांची बोटे आखडली आणि तो थरकाप माझ्या दांड्यांतून उतरून पुंडलिकरावांच्या तळहातांत गेला.

पुंडलिकरावांनी त्याला हात लावला नाही. मला आणखी घट्टही धरले नाही. त्यांनी मला सरळ लाथ घातली. मी आडवी झाले, मारोतराव तारेपासून सुटला आणि शेजारच्या कोंड्याच्या ढिगावर जाऊन पडला. नाकातोंडात कोंडा गेला, पण जीव वाचला. माझी एक पायरी तेव्हा चिरली, ती आजही तशीच आहे.

मारोतराव उठून बसल्यावर पुंडलिकराव त्याच्या पाठीवरचा कोंडा झटकत म्हणाले, "चढाले तं माकड बी चढते. अर्धा शिकला थो वर, पुरा शिकला थो खाली. ध्यानात ठेव."

मित्रांनो, हीच आमच्या टोळीची रीत. वरच्याचे लक्ष तारेवर असते. त्याचा जीव मात्र खालच्याकडे असतो. मेन स्विचवर नजर कोणाची, तर खालच्याची. कोणती तार कुठून आली हे डोक्यात कोणाच्या, तर खालच्याच्या. घोडी धरायची केव्हा आणि सोडायची केव्हा, हेही त्यालाच कळावे लागते. म्हणून आमच्यात उस्ताद खाली उभा राहतो आणि शिकणारा वर जातो.

पुढे पुंडलिकराव गेले. मी मारोतरावच्या घरी आले आणि त्याच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, भिंतीच्या कडेला, पावसाचा ओघळ येणार नाही अशा जागी राहू लागले. मारोतरावची बायको धुरपता माझ्या पायऱ्यांवर मिरच्या वाळत घालायची. मला ते आवडायचे नाही, पण घरचे माणूस म्हटल्यावर एवढे चालायचेच.

मारोतरावचे केस पिकले आणि रश्मी आमच्याकडे आली. तिने आयटीआयमधून वीजतंत्रीचे शिक्षण घेतले होते. बोलायला तिखट आणि हाताला स्वच्छ. पोरीची जात, ती घोडीवर कशी चढेल, असे काही लोक म्हणाले. ती कशी चढते हे मी सांगते. पाऊल पायरीच्या मधोमध ठेवते, दांड्याशी नाही. उतरताना उडी मारत नाही. अवजार खाली फेकत नाही. माझ्यावर आजवर चढलेल्या माणसांत तिच्याइतके सभ्य पाऊल मी दुसरे अनुभवले नाही. मारोतरावने तिचे काम काही दिवस पाहिले आणि एका सकाळी मला धरून तो खाली उभा राहिला. तिने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि ती वर गेली. त्या दिवसापासून मारोतराव खालीच.

लोकांना हे कळायचे नाही. घरोघरी बायका रश्मीला चहा द्यायच्या आणि मारोतरावला विचारायच्या, "तुमी नुसते उभेच राहता का?" तो हसायचा. खाजगी कामात त्याचा खरा त्रास वेगळाच होता. फिटिंग झाली की घासाघीस सुरू व्हायची. सत्यभामाबाई नावाच्या एका बाईंनी तर घरभर पंखे लावून घेतले आणि शेवटच्या पंख्याचे पैसे द्यायला नकार दिला. कारण काय, तर छताला हुक आधीपासूनच होता.

म्हणून अड्याळच्या वेशीबाहेर मुलींच्या सरकारी वसतिगृहाचे बांधकाम निघाले आणि वायरिंगसाठी मारोतरावला बोलावणे आले, तेव्हा घरात आनंद झाला. सरकारी पैशाच्या कामावर मजुरीचा दर सरकार ठरवून देते आणि ठेकेदाराला त्याहून कमी देता येत नाही. फाटकापाशी तसा फलकच लावला होता. कुशल, अर्धकुशल, अकुशल. कुशलमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री, म्हणजे आपले वायरमन. अकुशलमध्ये हेल्पर आणि बाकीचे मजूर. प्रत्येकाचा दर समोर लिहिलेला.

"बरं झालं," धुरपता सपरीत बसून तांदूळ निवडत म्हणाली. "आता कोनासंगं तोंड वाजवाची गरज नाही. रेट सरकारचा आहे."

"हो ना," मारोतराव म्हणाला. "मांगाचं नाही अन हुज्जत बी घालाची नाही. आपन आपलं काम करू."

मलाही तसेच वाटले. वायरमनला किती मिळावे हे सरकारने ठरवले होते. पण वायरमन कोणाला म्हणायचे हे साइटवरचा माणूस ठरवतो, ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती.

तो माणूस म्हणजे प्रविण. ठेकेदाराचा सुपरवायझर. मोटारसायकल, कानाला फोन, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. माणूस वाईट नव्हता. मजुरांना पाणी वेळेवर मिळते का हे तो पाहायचा, आणि कोणी आजारी पडला तर स्वतः दवाखान्यात न्यायचा. पण त्याचे सारे आयुष्य गवंडीकामात गेलेले. गवंडीकामात जो वर बसून विटा लावतो तो मिस्त्री, आणि खालून टोपली देते ती रेजा. वर असेल तो कुशल, खाली असेल तो अकुशल. त्याच्या लेखी जगातले सारे काम असेच चालायचे.

माझी आणि त्याची ओळख काही चांगली झाली नाही. साइटवर ठेकेदाराने नवी ॲल्युमिनियमची शिडी आणून ठेवली होती. चकचकीत आणि हलकी. प्रविणने माझ्याकडे पाहिले आणि तो मारोतरावला म्हणाला, "काका, हे म्हतारी कायले वागवून राहिले? नवीन आहे ना आपल्यापाशी."

मला उचलून सिमेंटच्या पोत्यांमागे उभे केले. तिथे ओल होती आणि अंगावर सिमेंटचा राप बसायचा. एकदा एका कुत्रीने माझ्या पायांशी पिले घातली. दिवस वाईट होते, पण मी डगमगले नाही, कारण मला ॲल्युमिनियमची जात ठाऊक होती. भिंतीत नुसते पाइप टाकायचे होते तोवर ती चालली. इमारतीत तात्पुरती लाइन आली त्या दिवशी रश्मी तिच्यावर पाय ठेवायला तयार होईना.

"ॲल्युमिनियमची अन करंटची सोयरीक आहे, प्रविणभाऊ," ती म्हणाली. "याच्यावर मी नाही चढत. आमची घोडी काढा."

प्रविणने खांदे उडवले आणि मला बाहेर काढले. रश्मीने मला उन्हात उभे केले, माझ्यावरचे सिमेंट खरवडले, तेलाचे बोट फिरवले. पुढे त्या इमारतीत प्रत्येक खोलीत मीच गेले. वर रश्मी, खाली मारोतराव. तारा ओढल्या, बोर्ड बसले, पंख्याच्या दांड्या टांगल्या. मुलींच्या अभ्यासाच्या खोलीत उजेड कोणत्या बाजूने यावा यावर दोघांचा वाद झाला आणि तो रश्मीने जिंकला. खालून धरणाऱ्याचे तळवे मला मोठ्या सुट्टीनंतर पुन्हा मिळाले होते. मी सुखात होते.

मग पहिल्या पगाराचा शनिवार आला. तोवर सगळ्यांचे उचलीवर भागले होते. प्रविण टेबल मांडून बसला आणि एकेकाचे नाव मोठ्याने पुकारू लागला. सगळे मजूर भोवती उभे होते.

"रश्मी, वायरमन," तो म्हणाला. तिने पैसे घेतले. "मारोतराव, हेल्पर."

मारोतराव जागेवरून हलला नाही. त्याला वाटले दुसऱ्या कोणाला बोलावले असेल.

"काका, या ना. तुमचंच नाव आहे."

तो टेबलापाशी गेला. "प्रविणभाऊ," तो हळूच म्हणाला, "मी हेल्पर काहून?"

"तुमी तं खालीच राहता ना. वर तं ते पोरगी चढते. म्या तुमाले एकडाव बी वर पाहिलं नाही. एका घोडीवर एक वायरमन, एक हेल्पर. सगळ्या साइटीवर असंच असते."

मारोतरावने पैसे मोजले नाहीत. तसेच खिशात घातले आणि तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. माझ्या दांड्यावर त्याने हात ठेवला. तो हात थंड होता. दोन दरांमधला फरक लहान नव्हता, घरातला किराणा त्यातून निघाला असता. पण मला त्या माणसाची नस ठाऊक आहे. त्याला पैशांपेक्षा तो शब्द लागला होता. उभ्या जन्मात जे कमावले ते एका शब्दात कोणीतरी खाली उतरवून ठेवले होते, आणि तेही चारचौघांत.

रश्मी मात्र गप्प बसणारी नव्हती. "काकाजी, तुमी बोलत काहून नाही? हे चूक आहे."

"जाऊ दे ना बेटा. काम तं सुरू आहे."

"जाऊ कसं देऊ? आज मी अर्धी शिकली आहो तं कुशल. उद्या पुरी शिकून खाली उभी राहीन, तं मले बी हेल्पर लिहतीन. म्हंजे जेवढं जास्त शिकाचं तेवढा रेट कमी?"

मारोतराव माझा दोर तपासू लागला. उत्तर माझ्याकडे होते, पण मला विचारतो कोण?

काही दिवसांनी खबर आली की इमारतीचे विजेचे काम तपासायला विभागाच्या अभियंता दामिनी मॅडम येणार आहेत. आदल्या दिवशी प्रविण मारोतरावजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून बोलला. त्यालाही मनात कुठेतरी बोचत असावे.

"काका, तुमाले वाईट वाटलं, मले दिसते. एक काम करा. उद्या मॅडम येतीन तवा तुमी घोडीवर चढून राहा. फोटो निघन. मंग मी तुमाले वायरमन लिहून टाकतो. कोनी विचारनार बी नाही."

"अन खाली कोन?"

"खाली रश्मी राहीन."

"मंग तिले काय लिहान?"

प्रविणने डोके खाजवले. "हेल्पर. एका घोडीवर दोन वायरमन कसे दाखवू, काका?"

मारोतरावने त्याचा हात हळूच खांद्यावरून काढला. "मंग राहू द्या. मी आहो तसा बरा आहो."

मित्रांनो, मी लाकडाची आहे, मला रडू येत नाही. पण त्या क्षणी मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की कोणी चढले असते तर त्याला एक पायरी जास्त उंच नेले असते.

हे बोलणे रश्मीने ऐकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतरावने मला मोठ्या हॉलमध्ये उभे केले, दोर ताणला, पाय पक्के केले आणि एका बाजूने धरले. रश्मी आली आणि तिने दुसऱ्या बाजूने धरले.

"चढ," मारोतराव म्हणाला.

"नाही. आजपासून मी बी पुरी शिकली. मी बी खालीच."

"पागलपना नोको करू. काम अडून राहिलं."

"मी कुठं अडवून राहिली? मी घोडी धरून आहो. वर जानारा प्रविणभाऊ आनतीन."

मी हॉलमध्ये उभी, दोन्ही बाजूंनी दोन वायरमन, आणि माथ्यावर कोणी नाही. आयुष्यात मला इतके घट्ट कोणी धरले नव्हते आणि इतकी रिकामीही मी कधी नव्हते. प्रविण आला, हा प्रकार पाहिला आणि काही म्हणणार, तेवढ्यात फाटकाशी मॅडमची गाडी वाजली.

दामिनी मॅडम आल्या त्या थेट कामाला लागल्या. त्यांनी मारोतरावला हॉलच्या पलीकडच्या टोकाला, वीज वाटणीच्या बोर्डापाशी बोलावले आणि एकेक सर्किट पाहू लागल्या. रश्मीही बाजूला जाऊन उभी राहिली. मग मॅडमनी हॉलच्या मधोमध छताकडे बोट केले. "तो जंक्शन बॉक्स उघडून आतल्या जोडणीचा फोटो पाठवा. तो आला की बिल पुढे जाईल."

प्रविणने रश्मीकडे पाहिले. रश्मीने छताकडे पाहिले. बिलाचा प्रश्न होता आणि मॅडमसमोर वाद नको होता.

"म्याच काढतो," प्रविण म्हणाला. "त्यात काय आहे? दोन-चार पायऱ्या तं आहेत."

त्याने सेंट्रिंगच्या एका गड्याला हाक मारली. तो धिप्पाड गडी मला धरून उभा राहिला आणि प्रविण वर चढू लागला. पाऊल दांड्याशी, अंग बाहेर झुकलेले, एका हातात फोन. खाली नव्या टाइल्स होत्या आणि त्यांवर पॉलिशचे पाणी. मी काही हलले नाही, हे स्पष्ट सांगते. हलत होता तो. गड्याचे दोन्ही हात माझ्यावर होते, पण तोंड खिडकीकडे होते. रस्त्यावरून कोणाची तरी नवी गाडी चालली होती. प्रविण अर्ध्यावर थांबला. त्याने खाली पाहिले. खालून छत जवळ वाटते, पण वरून जमीन फार लांब दिसते. त्याच्या पोटऱ्या लटपटू लागल्या.

"अबे, तू नोको," तो गड्याला म्हणाला आणि मग हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात त्याने हाक दिली, "मारोतराव. ओ मारोतराव, तुमी धरा ना जरा."

मारोतराव बोर्ड सोडून लगेच आला. गड्याला बाजूला केले, एक पाऊल माझ्या पायाला अडवून ठेवले आणि दोन्ही तळवे दांड्यांवर टेकवले. त्याने एकदा मेन स्विचकडे नजर टाकली. प्रविणच्या पोटऱ्यांची लटपट थांबली. ती थांबलेली मी माझ्या पायरीवर अनुभवली आहे.

रश्मी जवळ आली. तिचा आवाज चढला नव्हता. "प्रविणभाऊ, तो बी हेल्पर, हे बी हेल्पर. मंग याहीलेच काहून बोलावलं?"

दामिनी मॅडम हातातला पेन बंद करून आमच्याकडे आल्या.

"काय लिहिले आहे यांना?" त्यांनी विचारले.

"हेल्पर, मॅडम," रश्मी म्हणाली. "हे घोडी धरतात म्हनून. अन मी चढते म्हनून वायरमन. मले जे येते ते याहीनंच शिकवलं."

"प्रविण, हे खरे आहे का? यांना तुम्ही..."

"मॅडम," मारोतराव मधेच म्हणाला. तो सहसा कोणाला तोडत नाही. त्याची नजर वरच होती. "तो वर आहे. वर असलेल्या मानसाले काही विचारू नोका. खाली उतरू द्या, मंग विचारा."

मॅडम थांबल्या. प्रविणने बॉक्स उघडला, फोटो काढला, झाकण लावले. मारोतराव खालून सांगत होता. "आता डावा पाय. दांड्याले नाही, मधात ठेवा. घाई नोको. धरून आहो मी." ज्याने त्याला भर सभेत हेल्पर म्हटले होते, त्याला तो एकेक पायरी सांगत, लेकराला उतरवावे तसा उतरवत होता. प्रविणचे दोन्ही पाय जमिनीला लागल्यावरच त्याने मला सोडले.

प्रविण तिथेच उभा राहिला. तोंडातला खर्रा त्याने बाहेर जाऊन थुंकला आणि परत आला. मग मॅडमनी पुन्हा विचारण्याची वाट त्याने पाहिली नाही.

"मारोतराव वायरमन," तो म्हणाला. "रश्मी बी वायरमन. दोघंही कुशल. म्या गवंड्याच्या हिशोबानं लिहलं, मॅडम. मले तेवढंच ठाव होतं. वर गेलो तवा समजलं."

"आणि मागचे दिवस?" मॅडमनी विचारले.

"मांगचे बी दुरुस्त करतो. पहिल्या दिवसापासून."

मॅडमनी मान हलवली आणि त्या पुन्हा बोर्डाकडे वळल्या. जाताजाता त्यांनी माझ्या दांड्यावर हात फिरवला आणि रश्मीला विचारले की ही घोडी कोणी बनवली. साकोलीच्या नत्थूचे नाव निघाले याचा मला फार आनंद झाला. ॲल्युमिनियमची शिडी कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे मी पाहिलेसुद्धा नाही.

पुढच्या पगाराच्या शनिवारी प्रविणने नाव पुकारले ते त्या आवारात शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असे. "मारोतराव, वायरमन." मारोतराव या वेळी पहिल्या हाकेलाच गेला. त्याने पैसे सगळ्यांसमोर मोजले, सावकाश, बोटाला थुंकी लावून. एवढा वेळ लावला की मागच्या रांगेतले हसू लागले. त्याला त्याची पर्वा नव्हती.

आता त्या वसतिगृहात मुली राहतात. हॉलमध्ये जेवणाच्या पंगती बसतात आणि डोक्यावर पंखे फिरतात. मी पुन्हा मारोतरावच्या सपरीत आहे, धुरपताच्या मिरच्यांसकट. दोन्ही वायरमन मला अधूनमधून बाहेर नेतात. माझे पाय थोडे झिजले आहेत, पण आत कीड नाही. कोणाची लाकडी घोडी असेल तर तिला ओलीत ठेवू नका, वर्षातून एकदा तेल द्या आणि तिच्यावर रंग फासू नका, कारण रंगाखालची भेग दिसत नाही. एवढे मी माझ्यासाठी मागते.

बाकीचे मागणे मारोतरावसाठी आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेत कधी दिवा लावायला माणसे येतील. वरच्याला पाहायला तुम्ही सगळे गोळा व्हाल, जरूर व्हा. खाली उभ्या असलेल्यालाही पाणी न्या. मात्र पेला त्याच्या हातात देण्याची घाई करू नका. तो घेणार नाही. वरचा माणूस जमिनीवर येईपर्यंत त्याचे हात मोकळे होत नाहीत. तुम्ही पेला धरून तेवढा वेळ त्याच्याजवळ उभे राहा.